विरुष्का, सिडनाझ, शिवीणा... ही जोडनावं नक्की कोण पाडतं?

आळेफाटा_एक्सप्रेस:
मंडळी, शंका टाइमपास वाटेल पण उत्तरं सिरियसली द्या. विराट-अनुष्काचं विरुष्का, सैफ-करीनाचं सैफीना, हिंदी बिग बॉसमधल्या सिद्धार्थ-शहनाझचं सिडनाझ, आपल्या मराठी बिग बॉसच्या दुसऱ्या सीझनमधल्या शिव ठाकरे आणि वीणा जगतापचं शिवीणा, असली नावं येतात कुठून? ऑफिसात एक जण छातीठोकपणे सांगत होता की हे सगळं पेपरवाल्यांचं काम, ब्रॅड पिट-अँजेलिना जोलीचं ब्रँजेलिना झालं २००५ साली आणि तिथून आपल्याकडच्यांनी उचललं. मला काही ते पटलं नाही, कारण शिवीणा हा शब्द मी आधी फॅन पेजवर पाहिला आणि बातमीत नंतर. दुसरं म्हणजे व्याकरणात याला काय म्हणायचं? शाळेत शिकवलेला द्वंद्व समास म्हणावा तर कुठेतरी खटकतंय. आणि तिसरं, म्हणजे मुख्य हेच, की विरुष्काच का, अनुराट का नाही? कोणीतरी बसून ठरवतं का हे?

समासविग्रह:
द्वंद्व नाही हे नक्की. द्वंद्वात दोन्ही पदं धडधाकट राहतात, रामलक्ष्मण म्हणजे राम आणि लक्ष्मण, खरेखोटे म्हणजे खरे किंवा खोटे, मीठभाकर म्हणजे मीठ, भाकर वगैरे. विग्रह करता आला पाहिजे ही पहिली अट. विरुष्काचा विग्रह करून दाखवा बरं. विर आणि उष्का? यातलं एकही कोणाचं नाव नाही. काही जण मध्यमपदलोपी म्हणतील, पण तिथे लोप होतो तो मधल्या अख्ख्या पदाचा, साखरभात म्हणजे साखर घालून केलेला भात, साखर आणि भात दोन्ही शाबूत. इथे शब्दच मधून कापलेत. इंग्रजीत याला पोर्टमँटो म्हणतात, हे नाव लुईस कॅरलने १८७१ च्या पुस्तकात हम्प्टी डम्प्टीच्या तोंडी घातलं, पोर्टमँटो म्हणजे दोन कप्प्यांची प्रवासी बॅग, एका शब्दात दोन अर्थ भरलेले. मराठीत मिश्रशब्द म्हणा हवं तर.

बाकी कापाकापी आपल्याला नवीन नाही. पाणिनीचे प्रत्याहार बघा, अ पासून च् पर्यंतचे सगळे स्वर म्हणायचे तर नुसतं अच्. आणि एकशेष तर त्याहून भारी, माता आणि पिता मिळून पितरौ, म्हणजे आईचं अक्षरसुद्धा शिल्लक नाही तरी अर्थात आई आहे.

पक्या_चिंचपोकळी:
पितरौ वाचून आमच्या लग्नाची पत्रिका आठवली. बायकोचं नाव छापायचंच राहिलं होतं.

शिपवाली_मुग्धा:
अखेर माझ्या विषयाचा धागा निघाला! आळेफाटा दादा, तुमच्या ऑफिसातल्या मित्राला सांगा की पेपरवाले या वरातीत बरेच उशिरा आले. ब्रँजेलिनाच्याही आधी २००२ मध्ये बेन ॲफ्लेक-जेनिफर लोपेझचं बेनिफर झालं होतं, ते पेपरांनी गाजवलं हे खरं. पण टीव्ही मालिकांच्या फॅन्समध्ये हा खेळ त्याच्या आधीपासून चालू होता. बफी नावाची व्हॅम्पायरवाली मालिका होती, १९९७ ला सुरू झालेली, तिच्या फॅन्सनी बफी आणि एंजलचं बँजल केलं आणि बफी-स्पाइकचं स्पफी. आणि या दोन गटांची भांडणं अशी की आपल्याकडचे हिरोंचे फॅन्स परवडले.

आता थोडं मागे जाते, कारण पद्धत कशी बदलत गेली त्यातच मजा आहे. सत्तरच्या दशकात स्टार ट्रेकच्या फॅन्सनी हाताने छापलेल्या मासिकांत कर्क आणि स्पॉक यांच्यात प्रेम दाखवणाऱ्या गोष्टी लिहायला सुरुवात केली, पहिली छापील गोष्ट १९७४ ची. दोघांच्या नावांची पहिली अक्षरं आणि मधे तिरकी रेघ, के/एस. दोघं नुसते मित्र असतील तर मधे अँडची खूण, प्रेम असेल तर तिरकी रेघ, एवढ्या एका रेघेवर गोष्ट वाचायची की नाही ते ठरायचं. त्या रेघेचं इंग्रजी नाव स्लॅश, म्हणून त्या प्रकारच्या लिखाणालाच स्लॅश नाव पडलं. मग १९९३ ला एक्स-फाइल्स आली. मल्डर आणि स्कली एकत्र यावेत असं वाटणारे लोक नेटवर स्वतःला रिलेशनशिपर म्हणवायला लागले, ते झिजून झालं शिपर, आणि त्याचं क्रियापद शिप करणे. विरोधी पार्टीचं नाव नोरोमो, म्हणजे नो रोमान्सवाले. तेव्हाही जोडीचं नाव आद्याक्षरांतच होतं, मल्डर-स्कली रोमान्सचं एमएसआर. म्हणजे आधी रेघ, मग आद्याक्षरं आणि मग ही चिकटवलेली नावं. नंतर २०१० ला बीबीसीची शेरलॉक आली तेव्हा जॉन आणि शेरलॉकचं जॉनलॉक करायला कोणाला शिकवावं लागलं नाही.

आणि शिपचा जहाजाशी काही संबंध नाही बरं का! आपल्याकडे शेजारपण मधलं पण असतं ना, तसा तो इंग्रजीतला शेपटीचा प्रत्यय. म्हणजे मराठीत कुणी शेजारपण मधलं पण तोडून "मी त्या दोघांना पणते" म्हणायला लागलं तर कसं वाटेल, तसलाच हा शब्द आहे. अर्थात फॅन्स ते विसरलेत आणि हल्ली खुशाल जहाज बुडालं म्हणून रडतात, मी पण रडलेय.

पक्या_चिंचपोकळी:
मी तिला पणतो, ती मला पणत नाही. चारोळी झाली.

जुनी_रेकॉर्ड:
मुग्धाताईंची माहिती छान. पण हॉलिवूडमध्ये याहूनही जुनं आहे. मूकपटांच्या काळातले मेरी पिकफर्ड आणि डग्लस फेअरबँक्स, १९२० ला लग्न झालं, त्यांच्या बेव्हर्ली हिल्समधल्या बंगल्याचं नाव पिकफेअर. नंतर लुसिल बॉल आणि तिचा नवरा देसी अर्नाझ, यांच्या कंपनीचं नाव देसिलू, १९५० ची गोष्ट. फरक एवढाच की ती नावं वास्तूची आणि कंपनीची होती, माणसांना कोणी "देसिलू आले बघा" म्हणत नव्हतं.

आपल्याकडे बंगल्यांच्या पाट्या बघितल्यात का कधी, आईबापांची किंवा नवराबायकोची नावं जोडून केलेली? डेक्कनला एखाद्या जुन्या गल्लीतून चक्कर मारा, दोन-तीन तरी सापडतील. पोरांची नावं पण तशीच ठेवतात, आईचं एक अक्षर, बापाचं एक अक्षर आणि मग मधे काय घालायचं म्हणून घरात आठवडाभर चर्चा. म्हणजे ही कला मध्यमवर्गीय मराठी घरात होतीच, फक्त ती फॅन लोकांनी सिनेमातल्या जोड्यांवर वापरली नव्हती. संगीतकारांच्या जोड्या घ्या. शंकर-जयकिशन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल, कल्याणजी-आनंदजी. आम्ही कट्ट्यावर भांडायचो ते एसजे भारी की एलपी भारी यावर. शंकिशन किंवा लक्ष्यारे असलं काही डोक्यात सुद्धा आलं नाही. ताईंनी एमएसआर सांगितलं ते वाचून हेच आठवलं, आम्ही आद्याक्षरांच्या स्टेशनावरच उतरलो म्हणायचं.

आळेफाटा_एक्सप्रेस:
लक्ष्यारे 😂 काका तुम्ही राव कमाल आहात. पण माझा मुख्य प्रश्न तसाच राहिला, विरुष्काच का?

ध्वनी_प्रदूषण:
हा माझा प्रांत, थोडं लांबेल. कोणी बसून ठरवत नाही. दहा जण दहा नावं पाडतात, त्यातलं जे तोंडात बसतं ते टिकतं, आणि तोंडात काय बसतं याला काही ठोकताळे आहेत.

नाव ओळखू कशावरून येतं ते बघा. विराटमध्ये सुरुवातीचं विर, कारण राट तर सम्राटमध्येही आहे. अनुष्कामध्ये उलट आहे, सुरुवातीचं अनु घेतलं तर अनुजा, अनुराधा, अनुपमा, अनुप अशी रांग लागेल, अनुष्का कळते ती ष्का वरून. ष्का हा शेवट आपल्या नावांत अगदी दुर्मिळ, म्हणून तो तुकडा हातचा सोडायचाच नाही. म्हणजे विर पण हवं आणि ष्का पण हवं. अनुराटमध्ये नेमके हे दोन्ही तुकडे गेले आणि दोन्ही सामान्य तुकडे उरले, ऐकणाऱ्याला वाटेल एखाद्या पौराणिक राजाचं नाव आहे.

दुसरी गोष्ट ठेक्याची. अनुष्का म्हणताना अ-नुष्-का असे तीन ठोके पडतात आणि मधल्यावर वजन येतं. विरुष्का म्हणा, वि-रुष्-का, तोच ठेका. अनुचा उ सुद्धा जागेवर आहे, फक्त न् जाऊन र् आला. म्हणजे अनुष्काच्या साच्यात विराटचं डोकं बसवलंय. ब्रँजेलिनातही हेच, ब्रॅडचं नुसतं ब्र अँजेलिनाच्या पुढे लावलं, अख्खी अँजेलिना तशीच आहे. सैफीनात करीनाचा ईना. निक-प्रियांकाच्या निकयांकात प्रियांकाचं यांका. लांब नावाचा साचा घ्यायचा आणि छोट्या नावाचं डोकं त्यावर बसवायचं, बहुतेक चांगली नावं अशीच झालीत.

याउलट रणबीर-आलियाचं राल्या. छापून खूप आलं, पण मराठी माणसाने ते सरळ तोंडाने म्हणून दाखवावं. लक्ष्या, बाळ्या, पक्या, राल्या. वाटतं गल्लीतल्या पोराला हाक मारतोय.

पक्या_चिंचपोकळी:
माझं नाव उगाच ओढू नका.

शिपवाली_मुग्धा:
ध्वनी सर जबरदस्त 👏 यात माझ्याकडून भर. शिवीणा हे मला सगळ्यात पर्फेक्ट वाटतं, कारण त्यात काहीच कापलेलं नाही! शिवचा व आणि वीणाचा व एकच. शि-वी-णा. शिव पण पूर्ण ऐकू येतो आणि वीणा पण.

समासविग्रह:
त्याला समाक्षरलोप म्हणतात. लागोपाठ दोन सारखे ध्वनी आले की एक गळतो. नाक आणि कट यांचं नकटा झालं ते असंच. शिवीणाला मी शंभरपैकी शंभर देतो, विग्रह करता येतो.

शिपवाली_मुग्धा:
समास सरांकडून शंभर! शिव अमरावतीचा आहे, त्याच्यापर्यंत पोचलं पाहिजे हे.

आता हिंदी सिरियलवाल्या फॅन्सबद्दल सांगते, कारण आपल्याकडे हा प्रकार रुजला तो तिथेच, विरुष्काच्या लग्नाच्या बऱ्याच आधी. २०११ ला स्टार प्लसवर इस प्यार को क्या नाम दूँ लागायची, अर्णव आणि खुशी, त्यांचं अर्शी. इंडिया फोरम्सवर त्यांच्या नावाने धागे चालायचे, ॲप्रिसिएशन थ्रेड म्हणून नुसतं एटी म्हणायचो, एक भरला की पुढचा नंबर टाकून नवा. फॅन फिक्शनला एफएफ, एकाच भागात संपणारी गोष्ट म्हणजे ओएस. आणि आपली सगळ्यात लाडकी जोडी म्हणजे ओटीपी, वन ट्रू पेअरिंग. आता बँकवाले ओटीपी कोणाला सांगू नका म्हणतात आणि आम्ही तो जगाला ओरडून सांगायचो.

अशा नावाचा खरा उपयोग शोधायला होतो. नुसतं खुशी टाकून सर्च केलं तर काय काय येईल विचार करा. अर्शी टाकलं की फक्त आपलीच माणसं. हॅशटॅग आल्यावर तर गरजच झाली, हॅशटॅगमध्ये मधे जागा सोडता येत नाही आणि नाव छोटं पण हवं. सिडनाझ त्या जोरावरच एवढं पसरलं, २०१९-२० च्या त्या सीझनमध्ये रोज रात्री ट्रेंड. सिद्धार्थ २०२१ च्या सप्टेंबरमध्ये गेला, तरी तो हॅशटॅग आजही लोक लावतात.

आणि काही नावांना नशिबाने खरा अर्थ पण मिळतो. कैसी ये यारियाँ मधले माणिक-नंदिनी, त्यांचं मनन. कुमकुम भाग्यमधले अभि आणि प्रज्ञा, त्यांचं अभिज्ञा. हे नाव पडल्या पडल्या आम्ही पोरी खूश की शाकुंतलातला शब्द मिळाला.

समासविग्रह:
अभिज्ञाच्या बाबतीत एक गंमत आहे. हिंदीत ज्ञ चा उच्चार ग्य, त्यामुळे त्यांच्या तोंडी ते अभिग्या आणि रोमनमध्येही तसंच लिहितात. आपण मराठीत द्न्य म्हणणार. म्हणजे तोच हॅशटॅग नागपूरच्या हिंदी शाळेत एक आणि सदाशिव पेठेत दुसरा.

अजून एक. रोमनमध्ये ही नावं लिहिताना फॅन लोक मधलं अक्षर कॅपिटल करतात, अर्शीतला एस, मननमधला पहिला एन, म्हणजे जोड कुठे आहे ते डोळ्याला दिसतं. देवनागरीत लहान-मोठी लिपी नाही. मनन लिहिलं की ते मननच, चिंतन-मनन मधलं. शिवण दिसतच नाही. त्यामुळे मराठीत लिहिताना ही नावं लगेच मूळचीच असल्यासारखी वाटतात. दीपिका-रणवीरचं दीपवीर बघा, माहीत नसणाऱ्याला तो दिवे लावणारा वीर वाटेल, सरळ तत्पुरुष.

अनघा_नाशिक:
सगळं वाचलं, मजा आली. पण एक कोणीच बोललं नाही. विरुष्का, सैफीना, निकयांका, सिडनाझ, अर्शी, शिवीणा, सगळीकडे सुरुवात पुरुषाच्या नावाने. आपल्या जुन्या जोड्यांत बाई आधी, राधाकृष्ण, सीताराम, लक्ष्मीनारायण, उमामहेश. आधुनिक झालो म्हणतो आणि बाई गेली शेपटीला.

जुनी_रेकॉर्ड:
विठ्ठल-रखुमाई?

अनघा_नाशिक:
काका, रखुमाई रुसून वेगळ्या देवळात उभी आहे ती उगाच का.

समासविग्रह:
अनघाताई, मुद्दा बिनतोड आहे पण निम्मा हिशोब लांबीचाही आहे. द्वंद्वात कोण आधी याचा पाणिनीचा नियमच आहे, अल्पाच्तरम्, ज्यात स्वर कमी ते पद आधी. शिवकेशवौ, शिव दोन स्वरांचा म्हणून पुढे. पार्वतीपरमेश्वरौ मध्येही पार्वती छोटी. आणि जो जास्त पूज्य तो आधी हे वार्तिकाने, म्हणजे सूत्रांवरच्या पुरवणीने, नंतर जोडलं, मातापितरौ मध्ये आई पहिली ती त्यामुळे. आता हा लांबीचा नियम तुमच्या यादीला लावून बघा. सैफ छोटा, करीना मोठी. निक छोटा, प्रियांका मोठी. दीपिका तीन स्वर, रणवीर संस्कृत पद्धतीने मोजला तर चार, म्हणून दीपवीरमध्ये ती पुढे. विराट-अनुष्का तीन-तीन, बरोबरी. अर्शी मात्र नियम मोडते, खुशी दोनच स्वरांची असून मागे गेली.

शिपवाली_मुग्धा:
आणि तेजरन! बिग बॉस १५ मधले तेजस्वी आणि करण. तिथे ती पुढे, आणि ट्रॉफी पण तिचीच.

अनघा_नाशिक:
तेजस्वीचं नाव टंकताना हात दुखतो म्हणून असेल. असो, स्वरांचा हिशोब मानला. पण बरोबरी असेल तेव्हा कोण आधी, ते पण सांगा की मग. विराट-अनुष्का बरोबरीत होते ना?

ध्वनी_प्रदूषण:
तिथे ष्का जिंकला. शेपटीला असली तरी विरुष्कामध्ये ऐकू जास्त कोण येतं ते बघा.

अनघा_नाशिक:
हे मात्र खरं. चालेल.

आळेफाटा_एक्सप्रेस:
एवढी उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं, ऑफिसात प्रिंट काढून नेतो. शेवटचा एक प्रश्न, सैराट येऊन एवढा धुमाकूळ झाला, २०१६ मध्ये प्रत्येक वरातीत तीच गाणी, मग आर्ची-परश्याचं जोडनाव कसं नाही ऐकलं कुठे? सगळे आर्ची-परश्याच म्हणतात, सरळ द्वंद्व.

जुनी_रेकॉर्ड:
दोन्ही नावं आधीच छाटलेली आहेत हो. अर्चनाची आर्ची, प्रशांतचा परश्या. टोपणनावाला अजून किती कापणार?

ध्वनी_प्रदूषण:
काकांशी सहमत. शिवाय ठोकताळे लावून पण बघितलं. आर्चीचं डोकं घेतलं तर आर्श्या, म्हणजे परत राल्याच्या गल्लीत. परश्याचं डोकं आणि आर्चीची शेपटी घेतली तर पर्ची.

पक्या_चिंचपोकळी:
पर्ची?? डॉक्टर आत आहेत, नंबर आला की बोलावतो, बसा.